पुरतं एक मिनिट

अप्पांच्या पायात काच घुसली ती नेमकी ऐन हंगामात. माती आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवलेली होती. पहाटे ते नेहमीसारखे तिच्यात उतरले, दहा-बारा फेऱ्या तुडवल्या आणि मग मटकन खाली बसले. चिखलच तांबडा, त्यात रक्त कुठलं दिसणार? पाय वर उचलला तेव्हा टाच पार चवड्यापर्यंत फाटलेली. कुण्या दीडशहाण्याने मातीच्या ढिगात बाटली फोडून टाकली होती, त्याला बिचाऱ्याला काय कल्पना की ती कुणाच्या नशिबात जाणार आहे.

आईने साचा बाजूला ठेवला, अप्पांना काखेत धरून खोलीपर्यंत आणलं आणि परत जाऊन चिखलाकडे बघत उभी राहिली. आता तुडवायचं कुणी?

विटा पाडायचं काम जोडीचं. एकाने चिखल तुडवायचा, मळायचा, त्याचे गोळे करून पुढ्यात टाकायचे. दुसऱ्याने गोळा साच्यात आपटून, वरून हात फिरवून, साचा उलटा करून वीट पाडायची. या भट्टीवर तुडवणं पुरुषाचं आणि साचा बाईचा. असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण साचा हातात धरलेला पुरुष कुणी पाहिलाही नव्हता. भट्टी गोल, मधोमध धुराडं. आत एकदा आग घातली की हंगाम संपेपर्यंत ती विझू द्यायची नाही. आग रोज चार हात पुढे सरकते आणि तिच्या पुढ्यात रोज कच्च्या विटा रचलेल्या लागतात. म्हणून जोडीमागे दिवसाला हजार विटा ठरलेल्या. आकडा कमी पडला की मुकादम भुवई उचलायचा आणि सलग तीन दिवस कमी पडला की जोडीने राहती खोली खाली करायची. खोल्या भट्टीच्या, जोडीसाठी बांधलेल्या.

थोरल्या लेकीने पुस्तकं भिंतीच्या कोनाड्यात ठेवली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरली. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं. दोघींनाही ठाऊक होतं आज कोणता वार आहे ते.

तो क्लासचा वार होता. थोरली हायस्कुलाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि हायस्कुलात त्या वर्षी एक नवंच काही सुरू झालं होतं. हायस्कुलाशेजारच्या मोठ्या हॉस्पिटलातली मेट्रन आठवड्यातून तीन दुपारी यायची आणि ज्यांच्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही अशा मुलामुलींना शिकवायची. शरीरशास्त्र, रसायन, अर्ज कसा भरायचा, मुलाखतीला कसं बसायचं, हात कसे धुवायचे, ताप कसा बघायचा. शेवटी हॉस्पिटलात परीक्षा. चाळीस जणांतून सहा निवडायचे. त्या सहांना हॉस्पिटलच्या वसतिगृहात ठेवून कॉलेज करून घेणार आणि पुढे नर्स, प्रयोगशाळा, एक्स-रे, ज्याला जे झेपेल ते. नियम एकच, पण कडक: तीन दुपारी चुकल्या की नाव कटलं. थोरलीची एक दुपार आधीच तापात गेली होती. आज दुसरी गेली.

पहिल्या दिवशी साडेसहाशे विटा झाल्या. मुकादमाने भुवई उचलली.

संध्याकाळी थोरलीच्या पोटऱ्या अशा भरून आल्या होत्या की उकिडवं बसवेना. त्यात अप्पांनी जखमेवर माती लिंपून फडकं बांधलेलं तिने पाहिलं आणि तिचा पाराच चढला. तिने पाणी उकळलं, निवू दिलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, क्लासात शिकवले होते तसे, बोटांच्या बेचक्यांतून, आणि अप्पांचा पाय मांडीवर घेतला. अप्पा म्हणाले, आमच्या बापजाद्यांनी मातीच लावली. ती म्हणाली, बापजादे लंगडत गेले असतील. अप्पांना राग यायला हवा होता, पण पाणी लागताच त्यांचे डोळे पांढरे झाले आणि राग राहूनच गेला. धाकटी कंदील धरून होती, तिने तोंड फिरवलं. आत काचेचा गव्हाएवढा तुकडा अजून होताच. तो निघाल्यावर अप्पा पहिल्यांदा नीट झोपले.

त्या दिवसापासून घराचं वेळापत्रक बदललं. थोरली साडेतीनला उठायची. दहापर्यंत तुडवून, मळून, दिवसभराच्या चिखलाचा ढीग घालून ठेवायची आणि वर ओलं पोतं पसरायची. मग आई एकटीच गोळे करणार आणि एकटीच पाडणार, धाकटी सुकलेल्या विटा उलटवणार. थोरली विहिरीवर पाय धुऊन पाऊण तास चालत हायस्कुलात जायची, चारला सुटली की पळत यायची आणि अंधार पडेपर्यंत पुन्हा चिखलात. साडेआठशे, नऊशे, एकदा नऊशे नव्वद. रोज हजार काही होईना, पण मुकादम मोजताना दोन दिवस कमी आणि तिसऱ्या दिवशी कसाबसा पुरा असं करत आई वेळ मारून नेत होती. ते कसं जमवत होती ते तिचं तिलाच माहीत. जेवताना घास हातात धरून तिचा डोळा लागायचा.

क्लासात वेगळीच तऱ्हा. पहिल्या आठवड्यातच मेट्रनबाईंनी सगळ्यांना पांढऱ्या भांड्यात हात धुवायला लावले होते. प्रत्येकाने धुवायचे आणि भांड्यातलं पाणी बाकीच्यांनी बघायचं. थोरलीचं पाणी तांबडं झालं. दुसऱ्यांदा ओतलं, पुन्हा तांबडं. तिसऱ्यांदाही. मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं की ही स्वतःच विरघळतेय की काय, आणि वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. ब्रश घेतला, तिचं एकेक नख घासलं आणि म्हणाल्या, "माती लागली याची लाज नाही. राहिली तर लाज. रुग्णाला काही फरक पडत नाही ती कुठून आली त्याचा." थोरलीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यानंतर ती घरून निघताना, हायस्कुलाच्या नळावर आणि वर्गाबाहेर असे तीनदा हात धुवायची. हाताची सालं निघाली तरी रेषांतला तांबूस रंग काही जाईना.

पण खरी फजिती झाली ती नाडीच्या दिवशी.

बाईंनी जोड्या लावल्या. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवायची, अंगठा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. पुरतं एक मिनिट मोजायचं. सवय झाली आणि घाई असली की अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तरी चालेल. थोरलीच्या वाट्याला शिंप्याची मुलगी आली. थोरलीला ठोका चटकन सापडला, बाकीचे अजून मनगटं चाचपत होते तोवर. तिने नीट मोजलं, एकदाही नजर हलवली नाही, आणि फळ्यावर आकडा लिहिला: एकोणचाळीस.

बाईंनी शिंप्याच्या मुलीकडे पाहिलं. ती मजेत शेंगा खाल्ल्यासारखी गाल हलवत बसली होती. "एकोणचाळीस असती तर ही आत्ता खाली पडलेली असती," बाई म्हणाल्या. "पुन्हा मोज."

पुन्हा मोजली. अडतीस. मग बाईंनी स्वतः मोजली, ती निघाली सत्त्याहत्तर. थोरलीला तिसऱ्यांदा मोजायला लावलं आणि पुन्हा एकोणचाळीस आले तेव्हा वर्ग हसून हसून लोळायचा राहिला. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. कान तपासून घे, असं त्या म्हणाल्या नाहीत. पण त्यांनी वहीत तिच्या नावापुढे काहीतरी टिपलं, ते तिने पाहिलं. वाटेत ती रडली. वाटेवर कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने रडली, नाक पुसलं आणि चालायला लागली, कारण चिखल सुकत असणार होता.

संध्याकाळी आई सुकलेल्या विटा मुकादमाला मोजून देत होती. वाकायचं, दोन हातांत दोन विटा उचलायच्या, रचायच्या आणि म्हणायचं एक. पुन्हा दोन उचलायच्या आणि म्हणायचं दोन. पन्नास म्हटलं की शंभर झाल्या, खडूची एक रेघ. भट्टीवर कुणी एकेक वीट मोजत नाही, तेवढा वेळ कुणाला आहे? थोरली सहा वर्षांची असल्यापासून आईबरोबर असंच मोजत आली होती. चिखलात उभ्या उभ्या ती ऐकत राहिली. एक, दोन, तीन. ठप-ठप, एक. ठप-ठप, दोन. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कान चांगले होते, बोटंही चांगली होती. मोजायचं म्हटलं की तिचं डोकं आपोआप दोन ठोक्यांना एक म्हणत होतं.

तिने आईला सांगितलं. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. अप्पांचा पाय फाटल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. मग हसता हसताच गंभीर झाली आणि विचारलं, आता हे डोक्यातून काढायचं कसं?

मोजून मोजून, दुसरं काय.

पण मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ हवं. अख्ख्या भट्टीवर ते एकाकडेच होतं. आगवाल्या म्हाताऱ्याकडे. त्याला सगळे निखारेबाबा म्हणायचे. भट्टीच्या माथ्यावर, लाकडी तळव्याच्या चपला घालून, तो दिवसभर फिरायचा. दर पंधरा मिनिटांनी वाकड्या सळीने लोखंडी झाकणं उचलून पळीभर कोळसा आत सोडायचा. कोळसा कधी टाकायचा ते घड्याळावरून आणि किती टाकायचा ते आगीच्या रंगावरून. मालकाचंही न ऐकणारा माणूस, पण पोरांवर जीव.

"नाडी बघायची? बघ की," तो म्हणाला. "पण एक सांग, थांबलेली असली तर मला सांगू नकोस. पाळी संपेपर्यंत काम आहे."

अशी रोजची रीत झाली. दोन पाळ्यांच्या मधे निखारेबाबा माथ्यावरून उतरायचा, ओट्यावर बसायचा, मनगटावरचं घड्याळ काढून उजव्या हातात धरायचा आणि डावा हात थोरलीपुढे करायचा. ती मोठ्याने मोजायची, म्हणजे जोडी शिरली तर कानाला कळेल. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं तिने स्वतःला बंदच केलं. दुप्पट आणि निम्मं या दोन शब्दांचा तिला धसका बसला होता. पुरतं एक मिनिट, एकेक ठोका. आईची पहिल्याच आठवड्यात बरोबर यायला लागली, अप्पांची, धाकटीची. भट्टीवरच्या बायका लायनीने हात पुढे करायच्या, आपली सासूपेक्षा जास्त आली की खूश व्हायच्या. फक्त निखारेबाबाची येईना. कधी शहाण्णव, लगेच पुन्हा मोजली की चौऱ्याऐंशी. मधेच दोन ठोके पळत यायचे, मधेच एक यायचाच नाही. थोरली स्वतःवरच चिडायची. जोडीचं भूत अजून मानगुटीवर आहे, असं तिला वाटायचं. बाबा म्हणायचा, आगीसमोर जन्म गेला, रक्त उकळत असेल, तू मोज. भट्टीचा जिना चढताना तो हल्ली मधे थांबायचा, ते सगळ्यांनी पाहिलं होतं आणि सगळ्यांनी ते वयावर ढकललं होतं.

परीक्षेच्या चार दिवस आधी मुकादम खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मागे, त्याच्या शेडच्या सावलीत, एक नवरा-बायको गाठोड्यावर बसलेले होते. तरुण, चारही पाय धड. मुकादमाने आवाज चढवला नाही. तो म्हणाला की गेले दोन दिवस आकडा कमी आहे, उद्या पुरा झाला तर ठीक, पण पोरीच्या परीक्षेच्या दिवशी जर जोडी अर्धी दिसली तर त्याचा नाइलाज आहे. आगीला पोट आहे, ती कुणाच्या परीक्षेसाठी थांबत नाही. बोलून झाल्यावर तो अप्पांच्या पायाकडे बघत थोडा घुटमळला आणि गेला. वाईट माणूस नव्हता. पण मालकाला आकडा त्यालाच द्यायचा होता.

रात्री ताटं वाढली तशीच राहिली. शेवटी थोरलीनेच तोंड उघडलं. पुढच्या वर्षीही क्लास असेल, ती म्हणाली. म्हणाली खरी, पण तिचा आवाज तिचाच तिला परका वाटला.

आईने ताट सरकवलं. "पुढच्या वर्षी तू चिखलातच असशील. मला माहितीये, मीही पुढच्या वर्षी म्हणाले होते." मग ती अप्पांकडे वळली. "अहो, तुडवायचं मी बघते. तुम्हाला बसून काय जमेल ते तुम्ही बघा."

बसून जमण्यासारखं एकच काम होतं. अप्पांच्या ते लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बाईचं काम, सगळी भट्टी बघणार, मागून हसणार. ते कुशीवर वळले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पहाटे थोरली उठली तेव्हा अप्पांची जागा रिकामी होती. पाय पुढे लांब करून, टाचेखाली पोतं घेऊन, ते अंगणात बसले होते आणि अंधारात साचा भरत होते. त्यांच्यासमोर सात-आठ विटा होत्या. एकीचा कोपरा तुटलेला, एक मधे खचलेली, एक इतकी वाकडी की तिला वीट म्हणायला जीभ वळू नये. अप्पांनी मान वर केली नाही. "तुझी आई हात कसा फिरवते गं वरून?" त्यांनी विचारलं. थोरली त्यांच्या शेजारी बसली आणि दाखवलं.

त्या दिवशीचा आकडा तिघांनी मिळून कसाबसा पुरा केला. तीन दिवसांत अप्पांचा हात बसला, पण पुरता नाही. भट्टीवर व्हायची ती कुजबुज झाली. एकाने अप्पांना बांगड्या आणून देऊ का विचारलं. अप्पा म्हणाले आण, पण चिखलात फुटणार नाहीत अशा बघ. त्यानंतर फार कुणी विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी आई गुडघाभर चिखलात होती, कमरेला फडकं आवळलेलं, दात ओठांत रुतलेले. तिने थोरलीला जवळही येऊ दिलं नाही, हात खराब होतील म्हणून. लांबूनच जा म्हणाली.

हॉस्पिटलात लेखी पेपर बरा गेला. मग एकेकाला वॉर्डात बोलावत होते. तिथे एक डॉक्टर खुर्चीवर, शेजारी मेट्रनबाई वही घेऊन, आणि खाटेवर एक वयस्क बाई, कुणाच्याही आजीसारखी, कंटाळलेली. सकाळपासून बारा जणांनी तिचा हात धरला होता. ताप बघा, श्वास मोजा, नाडी मोजा, आकडे लिहा. थोरलीच्या आधीचा मुलगा हसत बाहेर आला होता, अर्ध्या मिनिटात काम झालं म्हणाला.

थोरलीने हात धुतले, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि मोजायला लागली. दहाव्या ठोक्यालाच दोन ठोके पळत आले, मग एक आलाच नाही. पुन्हा तेच. जोडीचं भूत. आत्ताच यायचं होतं का याला? अर्धं मिनिट झालं तेव्हा डॉक्टरांनी वर पाहिलं, तिने बोटं उचलली नाहीत. पुरतं मिनिट मोजलं. मग तिने विचारलं की अजून एकदा मोजू का. डॉक्टर घड्याळाकडे बघत मोज म्हणाले. दुसऱ्या वेळी आकडा वेगळा आला.

आता काय लिहायचं? चांगला दिसेल असा आकडा लिहायचा की बोटांना लागलं ते? तिला मागच्या बाकावरचं हसू ऐकू आलं. तिला आईच्या गुडघ्याभोवतीचा चिखल दिसला. तिने ठरवलं की हसू देत, पण बोटांना लागलं तेच सांगायचं.

"पहिल्यांदा ब्याण्णव, दुसऱ्यांदा शहाऐंशी," ती म्हणाली. "पण ती सरळ चालत नाही. मधे पळते, मधे थांबते. माझी चूक असेल, पण मला दोन्ही वेळा असंच लागलं."

डॉक्टर आणि मेट्रनबाईंनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरांनी विचारलं की हे कुठे शिकलीस, पुस्तकात अजून इथवर आलेलं नाही. तिने सांगितलं, आमच्या भट्टीवर एक बाबा आहेत, त्यांची रोज मोजते, ती अशीच लागते, म्हणून मला वाटायचं मलाच मोजता येत नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुझी चूक नाही. या आजी त्याच आजारासाठी इथे आहेत. तुझ्या त्या बाबांना कुणी तपासलंय?"

महिनाभर थोरली त्या माणसाचं मनगट धरून बसत होती आणि महिनाभर स्वतःलाच शिव्या देत होती. तो जिन्यावर थांबायचा ते तिने पाहिलं होतं. हातात सगळं होतं आणि तिला फक्त स्वतःची परीक्षा दिसत होती. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की मागे तांबड्या पाण्याचीही वाटली नव्हती.

"त्यांना आज आणता येईल का?" मेट्रनबाईंनी विचारलं. "यादी चारला लागेल, तोवर तू थांबली नाहीस तरी चालेल."

ती धावली. पाऊण तासाची वाट तिने अर्ध्यात कापली.

भट्टीवर मुकादम खडू घेऊन अप्पांच्या विटा मोजत होता. आठशे झाल्या होत्या, दिवस अजून बाकी होता. पण दर पाच-सातांतली एक तो पायाने बाजूला सारत होता, वाकडी म्हणून. आई चिखलातून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. निखारेबाबा माथ्याच्या कठड्याशी उभा होता. तो वरूनच म्हणाला, "त्या बाजूला काढतोस त्या इकडे पाठव. बाहेरच्या भिंतीला वाकडीही चालते. आग मी घालतो, वीट कुठली चालते ते मला कळतं." मुकादमाने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि बाजूला सारलेल्या विटा मुकाट्याने आकड्यात धरल्या; हजाराला थोड्याच उरल्या.

थोरली जिना चढून वर गेली, धापा टाकत, आणि बाबाचा हात धरला. पळत, थांबत, पळत. मग तिने त्याला सगळं सांगितलं. बाबाने ऐकून घेतलं आणि नेहमीसारखंच म्हणाला, पाळी संपू दे. ती नाही म्हणाली. आग कोण बघणार, त्याने विचारलं. तेवढ्यात खालून आईचा आवाज आला. तिला वरचं सगळं ऐकू गेलं होतं.

"आग दुसरा माणूस बघेल. तुम्ही नसलात तर उद्या कोण बघेल ते सांगा."

हे ऐकून सगळ्यांत आधी हलला तो मुकादम. आगवाला गेला तर काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याने दुसऱ्या पाळीच्या माणसाला हाक मारून वर पाठवलं, स्वतःची मोटारसायकल काढली, बाबाला मधे बसवलं, थोरलीला मागे. ती एका हाताने बाबाला धरून होती आणि दुसऱ्याने त्याचं मनगट. अर्ध्या वाटेत मुकादम मान थोडी वळवून, ओशाळल्यासारखा म्हणाला की सवड झाली की माझीही बघ एकदा, जेवल्यावर छातीत जड होतं. हो म्हणाली ती, पण रस्त्याकडे बघा.

हॉस्पिटलात मेट्रनबाईंनी बाबाला खाटेवर घेतलं, छातीला पट्ट्या लावल्या, कागदावर वेड्यावाकड्या रेघा निघाल्या. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू करू, आठवडाभर ठेवून घेऊ, वेळेवर आणलंत. आठवडाभर म्हटल्यावर बाबा उठायलाच लागला. मुकादमाने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. आगीची शपथ घेऊन सांगितलं की ती विझू देणार नाही, आणि डोळे पुसत बाहेर गेला. बाबाने मनगटावरचं घड्याळ काढून थोरलीच्या हातात दिलं. इथे भिंतीवर आहे की, म्हणाला, मला इथून दिसतं.

साडेचार वाजून गेले होते. मेट्रनबाईंनी बाबाचा तक्ता तिच्यापुढे केला. "यादी बाहेर भिंतीवर लागलीय. बघून आलीस?"

"नाही. आधी यांची लिहिते."

तिने पुरतं एक मिनिट मोजलं. आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं: चाल अनियमित. तक्त्यावर सगळ्यात खाली एक रकाना होता, नोंद घेणाऱ्याचं नाव. तिचं पेन तिथे थांबलं. इथे कुणाचं लिहू, तिने विचारलं.

"मोजली कुणी?"

थोरलीने आपलं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, सावकाश, एकही अक्षर न तोडता. मेट्रनबाईंनी तक्ता उचलून वाचला आणि खाटेच्या पायथ्याशी अडकवला.

"हेच नाव बाहेर चौथं आहे," त्या म्हणाल्या. "जा आता, हात धुऊन ये. पुढच्या खाटेवरचीही घ्यायचीय."

वसतिगृह, कॉलेज, पांढरा कोट, यातलं काहीच त्या क्षणी थोरलीच्या मनात आलं नाही. चिखलात उभी असलेली आई आणि साचा धरून बसलेले अप्पा, एवढंच आलं. तिला रडू फुटलं, ते तिने अडवलं नाही. नळाशी गेली, बाबाचं घड्याळ काढून कट्ट्यावर ठेवलं आणि हात पुढे केले. आज तिने चिखलाला हातही लावला नव्हता. तरी पाणी आधी थोडं तांबूस झालंच, बाबाच्या मनगटावरून आलेलं असेल. ती कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, एकेक नख धरून घासत राहिली. पाणी स्वच्छ वाहायला लागलं तेव्हा तिने नळ बंद केला आणि पुढच्या खाटेकडे गेली.